गोळीची किंमत आणि सरकारची सही

भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या व्यापार करारावर सह्या झाल्या, त्या आठवड्यातली गोष्ट. माझे एक जुने पेशंट, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, बीपी तपासून घ्यायला आले होते. हातात घडी केलेला पेपर. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, व्हिस्की स्वस्त होणार म्हणे. गाड्याही स्वस्त होणार. व्हिस्की तुम्ही बंद केलीत आणि गाडी मी कधी घेणार नाही. माझ्या गोळीचं काय होणार, ते मात्र यात कुठंच दिलेलं नाही!"

त्यांची गोळी म्हणजे आयमॅटिनिब. त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर आहे. २०१३ साली निदान झाले. तेव्हापासून ते रोज न चुकता ही गोळी घेतात. नातवाला शाळेत सोडतात, गणपतीत आरतीला पुढे उभे राहतात. एकेकाळी या आजाराच्या रुग्णाला मोजकी वर्षे मिळत. आज हा आजार मधुमेहासारखा सांभाळत जगता येतो, पण एका अटीवर : गोळी रोज मिळाली पाहिजे आणि परवडली पाहिजे.

मी त्यांना सवयीने म्हणालो, "काही होत नाही हो, काळजी करू नका." उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर.

आरोग्याच्या लेखांत व्यापार करार कुठून आला, असे तुम्हाला वाटेल. पण तुमच्या औषधाच्या पाकिटावर जी किंमत छापलेली असते, ती फक्त कंपनी आणि मेडिकलवाला ठरवत नाहीत. तिचा मोठा हिस्सा दूर कुठेतरी, एका लांब टेबलाभोवती बसलेल्या सरकारी प्रतिनिधींच्या सहीने ठरतो. त्या टेबलावर आपले सरकार तुमच्या वतीने बसलेले असते. म्हणून तिथे काय चालते, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

पेटंट म्हणजे काय? पुरणपोळीवरून समजून घेऊ

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने ठरावीक काळासाठी दिलेली मक्तेदारी. त्या काळात ती वस्तू दुसऱ्या कोणी त्याच्या परवानगीशिवाय बनवायची नाही, विकायची नाही. बदल्यात त्याने आपला शोध जगासमोर उघड करायचा.

यात दोन प्रकार येतात. समजा, पुरणपोळीचा शोध आज लागला आणि एका काकूंनी पेटंट घेतले. ते पेटंट कृतीवर असेल तर त्यांच्या पद्धतीने दुसरे कोणी पोळी करू शकणार नाही. पण तुम्ही हरभऱ्याच्या डाळीऐवजी तुरीची डाळ घेतलीत, गुळाऐवजी साखर घातलीत, तर तुमची पोळी तुम्ही खुशाल विका. पेटंट पदार्थावरच असेल, तर मात्र डाळ कोणतीही घ्या, पुरणपोळी म्हणून जे काही तव्यावर पडेल ते काकूंच्याच मालकीचे. भाव काकू सांगतील तो.

औषधांच्या जगात हा फरक जीवनमरणाचा आहे. कृतीवरच्या पेटंटमध्ये स्पर्धेला जागा उरते, पदार्थावरच्या पेटंटमध्ये उरत नाही.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्याकडे इंग्रजांनी केलेला १९११ चा पेटंट कायदा होता. त्यात औषधावरच पेटंट मिळे. परिणामी बाजार परदेशी कंपन्यांच्या हातात होता आणि गरीब देश असूनही आपल्याकडे औषधे अतिशय महाग होती. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये पेटंट कायद्याविषयी सविस्तर अहवाल दिला. त्यातून १९७० चा कायदा आला आणि १९७२ पासून तो लागू झाला. औषधावर पेटंट नाही, फक्त कृतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. एवढ्या एका बदलाने आपले रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. तीच औषधे वेगळ्या कृतीने बनू लागली, किमती उतरल्या. आज जगभर भारतीय जेनेरिक औषधांचे नाव आहे, त्याचे मूळ इथे आहे.

मग औषध व्यापाराच्या टेबलावर कसे आले?

१९८६ ते १९९४ या काळात जगातल्या देशांच्या व्यापारविषयक वाटाघाटी चालल्या. डंकेल प्रस्ताव हे शब्द पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवतील. त्या काळात गावोगावी त्यावर भांडणे होत. शेवटी १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली.

या करारांच्या गठ्ठ्यात ट्रिप्स नावाचा एक करार होता, बौद्धिक संपदेचा. त्यानुसार प्रत्येक सदस्य देशाने औषधांसह सर्व क्षेत्रांत पदार्थावर पेटंट द्यायचे, आणि तेही अर्ज केल्यापासून वीस वर्षांचे. गठ्ठा एकत्रच घ्यायचा होता. कापड निर्यातीचा करार हवा आणि पेटंटचा नको, असे म्हणण्याची सोय नव्हती. भारताला आपला माल जगात विकायचा होता, म्हणून भारताने सगळाच गठ्ठा उचलला. औषधांवर पेटंट सुरू करायला २००५ पर्यंतची मुदत मिळाली.

यातली खरी गोम लक्षात घ्या. व्यापाराच्या नियमांना दात असतात. एखाद्या देशाने आरोग्याविषयीचा आंतरराष्ट्रीय ठराव पाळला नाही, तर फार तर कोणी नाराजी व्यक्त करते. पण व्यापार करार मोडला आणि लवादात हरला, तर समोरचा देश तुमच्या मालावर जकात वाढवू शकतो, आणि तो माल औषधच असला पाहिजे असेही नाही. भांडण गोळीचे आणि फटका कोळंबीला किंवा कापडाला, असे होऊ शकते. त्यामुळे आरोग्य मंत्रालयाला गोळी स्वस्त ठेवायची असली, तरी वाणिज्य मंत्रालयाला निर्यातदारांची काळजी वाटते. एकाच सरकारचे दोन हात एकमेकांना खेचतात.

नियमांत ठेवलेल्या खिडक्या

मात्र ट्रिप्सच्या भिंतीत काही खिडक्या आहेत. कोणत्या शोधाला 'नवा' म्हणायचे, हे प्रत्येक देशाने ठरवायचे. औषध लोकांना मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर सरकार पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला ते बनवण्याचा परवाना देऊ शकते. याला सक्तीचा परवाना म्हणतात. पेटंटधारकाला त्यात रॉयल्टी मिळते, म्हणजे ही लूट नव्हे.

या खिडक्या उघडण्याची हिंमत मात्र सहजासहजी कोणाला होत नसे. दक्षिण आफ्रिकेने एचआयव्हीची औषधे स्वस्तात मिळावीत म्हणून कायदा केला, तर १९९८ मध्ये ३९ औषध कंपन्यांनी तिथल्या सरकारलाच कोर्टात खेचले. तेव्हा एचआयव्हीच्या तीन औषधांच्या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हेच उपचार एका वैद्यकीय सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. जगाचे डोळे उघडले. एप्रिलमध्ये कंपन्यांनी आफ्रिकेतला खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये कतारची राजधानी दोहा इथे सर्व सदस्य देशांनी जाहीरनामा काढला : ट्रिप्स करार हा सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाच्या आड येता कामा नये, आणि सक्तीचा परवाना कधी द्यायचा हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाचा आहे.

सिप्लाला ही किंमत लावता आली, कारण १९७० साली आपल्या संसदेने एक कायदा केला होता. एका देशाच्या कायद्याने तीस वर्षांनंतर दुसऱ्या खंडातली माणसे वाचली.

तीन औषधांच्या तीन कहाण्या

२००५ मध्ये आपण कायदा बदलला आणि औषधांवर पेटंट सुरू केले. पण संसदेतल्या वादात, डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे, त्यात काही कुलपे बसली. ती किती कामाची ठरली, ते पाहा.

पहिली कहाणी आमच्या कंडक्टरसाहेबांच्या गोळीची. नोव्हार्टिस कंपनी हे औषध ग्लिव्हेक नावाने महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना विकत असे. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. कंपनीने ज्याच्यावर पेटंट मागितले तो मूळ रेणू नव्हताच, त्याच्या क्षाराचा एक विशिष्ट स्फटिक होता. आपल्या कायद्याचे कलम ३(ड) म्हणते की माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप म्हणजे नवा शोध नव्हे, त्याने गुण जास्त आला पाहिजे. जुनीच साडी नव्या घडीत ठेवली म्हणून ती नवी होत नाही. पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानेही कंपनीला नकार दिला. औषध शरीरात जास्त शोषले जाते एवढे पुरेसे नाही, रुग्णाला उपचारात जास्त फायदा होतो हे दाखवा, असा त्याचा मथितार्थ. ही कंपनी अनेक रुग्णांना औषध मोफत देत होती, हेही नमूद करायला हवे. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि रोजची गोळी मर्जीवर असून चालत नाही. एसटीची पेन्शन किती असते, ते एखाद्या निवृत्त एसटीवाल्याला विचारा. मग हा निकाल वेगळा लागला असता तर काय झाले असते, ते तुम्हीच सांगाल.

दुसरी कहाणी सोराफेनिबची. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या वाढलेल्या कॅन्सरवरचे हे औषध. याच्यावर बायर कंपनीचे रीतसर पेटंट होते. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला आणि तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत मिळू लागले. नॅटकोने बायरला विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी द्यायची होती, पुढे ती ७ टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत औषध पोहोचले होते, हे या निर्णयामागचे एक कारण. ती माहिती मिळाली कुठून? पेटंटधारकाने दरवर्षी सरकारला द्यायच्या विवरणपत्रातून. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिसरी कहाणी बेडाक्विलिनची, दाद न देणाऱ्या टीबीवरच्या औषधाची. कंपनीचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. तिने औषधाच्या क्षारावर आणखी एक पेटंट मागितले. ते मिळाले असते तर मक्तेदारी चार वर्षांनी लांबली असती. याला हरकत घेणाऱ्यांमध्ये टीबीतून बऱ्या झालेल्या दोन तरुणी होत्या. एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. जुन्या उपचारातल्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेली होती. ती इंजेक्शने टाळता यावीत, यासाठीच तर हे नवे औषध हवे होते. आपला कायदा सांगतो की पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकते. त्यांनी ती घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जागतिक खरेदी यंत्रणेला मिळणारी या औषधाची किंमत निम्म्याहून खाली आली.

तीन कहाण्या, तीन कुलपे. ही कुलपे जागतिक नियमांत बसतात. सोराफेनिबचा परवाना हा आपल्याकडचा आजवरचा एकमेव सक्तीचा परवाना आहे, म्हणजे आपण त्याचा सुकाळ केला आहे असेही नाही.

"मग नवी औषधे शोधणार कोण?"

हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. नवे औषध शोधायला प्रचंड पैसा आणि बरीच वर्षे लागतात. हजारो रेणूंतला एखादाच धड निघतो. शोधणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पेटंट नकोच, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मी रोज जी औषधे लिहून देतो त्यांतली कितीतरी अशा संशोधनातून आली आहेत.

पण दोन गोष्टी पाहा. एक, संशोधनात जनतेचा पैसाही असतो. आयमॅटिनिब उपयोगी पडेल हे सिद्ध करण्यात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता आणि त्यांना सरकारी पैसाही मिळत होता. दोन, पेटंट बाजार पाहते, आजार पाहत नाही. टीबीसाठी अगदी नव्या प्रकारचे औषध यायला सुमारे चाळीस वर्षे लागली. टीबीने माणसे मरत होती, पण ती गरीब होती. म्हणजे 'महाग असू द्या, निदान संशोधन तरी होईल' हा युक्तिवाद आपल्या आजारांना फारसा लागू पडत नाही.

दुसरीकडे, स्वस्त औषध चांगलेही असले पाहिजे. २०२२ मध्ये गाम्बिया या आफ्रिकी देशात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांशी साठहून अधिक मुलांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. विषारी डायइथिलीन ग्लायकॉलचा तो प्रकार. त्यानंतर जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या अशा औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक झाली. ही अट निर्यातीसाठी होती. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात अशाच दूषित औषधाने मुले दगावली. त्यातल्या काहींवर नागपूरला उपचार चालू होते. परदेशी गिऱ्हाईकासाठी वेगळी चाळणी आणि घरच्या लेकरांसाठी वेगळी, याला कोणताही व्यापार करार जबाबदार नाही. ते आपलेच पाप. जगाच्या टेबलावर 'आमचे जेनेरिक उत्तम' असे सांगायचे, तर घरचे औषध निरीक्षकही पुरेसे आणि जागे असले पाहिजेत.

कोविडने काय शिकवले?

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला की साथ आहे तोवर कोविडच्या लशी, औषधे, तपासण्या यांच्यावरचे पेटंटचे नियम स्थगित ठेवा. निर्णय झाला जून २०२२ मध्ये. तोही फक्त लशींपुरता, अटींसह. आग लागल्यावर बंब यायला वीस महिने लागले.

आपलीही बाजू सरळ नव्हती. मार्च २०२० मध्ये भारताने पॅरासिटामॉलसह काही औषधांच्या निर्यातीवर बंधने घातली. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरची निर्यात बंद केली. लशींची निर्यातही थांबवली. त्या महिन्यात आपल्याकडे काय हाहाकार होता, ते मी विसरलेलो नाही, त्यामुळे सरकारला दोष देववत नाही. नियमांतही टंचाईच्या काळात अशी तात्पुरती बंदी घालायला मुभा आहे. पण आपल्या लशींवर भिसत ठेवून बसलेल्या आफ्रिकी देशांना तेव्हा काय वाटले असेल?

आपणही कोणावर तरी विसंबून आहोत. आयात होणाऱ्या औषधी कच्च्या मालातला सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतो. पिंपरीला ज्या पेनिसिलिनचा एवढा अभिमान होता, ते स्वस्त चिनी मालापुढे इथे बनेनासे झाले. २०२० मध्ये केंद्राने असा कच्चा माल देशात बनवण्यासाठी ६,९४० कोटी रुपयांची योजना आणली, ती या धक्क्यातूनच. तेव्हा व्यापार बंद करा, असे म्हणण्यात अर्थ नाही. व्यापार हवाच. तो कोणत्या अटींवर करायचा, एवढाच प्रश्न आहे.

स्टेंट आणि दूधदुभते

औषधापलीकडचे एक उदाहरण. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या वर जाणारा औषधी लेप दिलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. तुमच्यापैकी अनेकांच्या छातीत तो आज काम करत असेल. अमेरिकेतल्या उपकरण उत्पादकांनी त्यांच्या सरकारकडे तक्रार केली. तिथल्या दुग्धव्यवसायाचीही भारताविरुद्ध वेगळी तक्रार होती. जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतीय मालाला मिळणारी जकातीतली सवलत काढून घेतली. म्हणजे तुमच्या स्टेंटच्या स्वस्ताईची किंमत काही प्रमाणात भलत्याच धंद्यातल्या निर्यातदारांनी मोजली. सरकारने स्टेंटवरची मर्यादा हटवली नाही, याचे श्रेय दिले पाहिजे. 'नाही' म्हणायला किंमत पडते आणि ती मोजायची तयारी असावी लागते.

आत्ता काय चालले आहे?

जागतिक व्यापार संघटना आता थकली आहे. तिची अपील ऐकणारी यंत्रणा डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. त्यामुळे देश आपापसांत करार करू लागले आहेत. अशा करारांत ट्रिप्सच्याही पलीकडच्या मागण्या पुढे येतात.

त्यातली सर्वांत घातक मागणी म्हणजे चाचण्यांच्या माहितीवरची मक्तेदारी. जेनेरिक कंपनी आपले औषध मूळ औषधाइतकेच शरीरात उतरते, एवढे दाखवते. मूळ औषध सुरक्षित आणि गुणकारी आहे, हे आधीच्या चाचण्यांत सिद्ध झालेले असते. नव्या मागणीनुसार काही वर्षे औषध नियंत्रकाने त्या जुन्या माहितीचा आधार घ्यायचा नाही. पेटंट नसले तरी मक्तेदारी राहणारच! मग जेनेरिक कंपनीने साऱ्या चाचण्या पुन्हा करायच्या का? जे औषध काम करते हे ठाऊक आहे, ते निम्म्या रुग्णांना मुद्दाम न देता पुन्हा पाहायचे? डॉक्टर म्हणून मला हे अनैतिक वाटते. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांबरोबरच्या २०२४ च्या करारात आणि ब्रिटनच्या करारातही भारताने ही मागणी मान्य केली नाही. हे फार चांगले झाले.

पण ब्रिटनच्या करारात दुसरे एक वाक्य आहे. औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अधिक चांगला मार्ग म्हणजे ऐच्छिक परवाना, अशा अर्थाचे. सक्तीच्या परवान्याचा हक्क शाबूत आहे, असे सरकार म्हणते. दोहा जाहीरनाम्याचा उल्लेखही त्यात आहे. मान्य. तरीही ज्या हत्याराचा धाकच उपयोगी पडतो, ते गंजले आहे असे स्वतःच लिहून द्यायचे कशाला? उद्या एखादा अधिकारी सक्तीचा परवाना द्यायला निघाला, तर समोरचा वकील हेच वाक्य वाचून दाखवेल.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले विवरणपत्रही पाहा. २०२४ च्या नव्या पेटंट नियमांनुसार ते आता दरवर्षी नव्हे, तीन वर्षांतून एकदा द्यायचे आहे. आणि पेटंटला आधीच हरकत घेण्यावर फी बसली आहे. त्या दोन तरुणी ज्या दारातून आत गेल्या, त्याचा उंबरठा थोडा उंच झाला. एकेक बदल किरकोळ वाटतो. कुलपे तशीच दिसतात, किल्ल्या मात्र एकेक करून हरवत जातात.

माझे मत, आणि तुम्हाला काय करता येईल

माझे मत असे. सरकारने व्यापार करावा, जरूर करावा. आपल्या आंबा, द्राक्षे, कापड, सॉफ्टवेअरला बाजार मिळवावा. पण ज्या खिडक्या नियमांनीच दिल्या आहेत, त्या दुसऱ्या मालाच्या बदल्यात बुजवू नयेत. जकात पुढच्या करारात कमीजास्त करता येते. महाग झालेल्या औषधाअभावी गेलेला माणूस परत आणता येत नाही.

आणि हे सारे बंद दाराआड होऊ नये. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार सरकार करते, त्यासाठी आधी संसदेची संमती लागत नाही. युरोपातले असे करार तिथल्या संसदेपुढे मंजुरीला जातात. आपल्याकडे निदान एवढे व्हावे : औषधांवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक करारावर आरोग्य मंत्रालयाने आपले मत सहीपूर्वी जाहीर करावे आणि संसदेत त्यावर चर्चा व्हावी. शस्त्रक्रियेआधी आम्ही रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती घेतो. इथे तर एकशे चाळीस कोटी रुग्ण आहेत.

तुम्हाला करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत, पण आहेत.

१. व्यापार कराराची बातमी आली की व्हिस्की आणि गाड्यांच्या पुढे वाचा. 'बौद्धिक संपदा' हा शब्द दिसला की थांबा, ती तुमच्या गोळीची बातमी आहे.

२. महाग औषध लिहून दिले, तर डॉक्टरांना विचारा : "याचे जेनेरिक मिळते का? नसेल तर का नाही?" विचारण्यात संकोच नको.

३. दीर्घ आजाराच्या रुग्णांचे गट असतात. त्यात सामील व्हा. बेडाक्विलिनची हरकत रुग्णांनीच घेतली होती.

४. खासदार मत मागायला येतात, लग्नाला येतात, उद्घाटनाला येतात. एकदा त्यांना हा प्रश्न विचारून पाहा.

५. आणि हे वाचून घाबरून जाऊन चालू औषध बंद करू नका किंवा साठा करून ठेवू नका. आज तुमची गोळी मिळते आहे. ती उद्याही मिळावी, यासाठी हा लेख आहे.

कंडक्टरसाहेब पुढच्या महिन्यात बीपी दाखवायला येतील. या वेळी त्यांना नीट उत्तर देणार आहे. सांगेन, "काका, तुमच्या गोळीवर अजून आपल्याच कायद्याचा पहारा आहे. पहारेकरी जागा आहे का, ते मात्र आपण अधूनमधून पाहत राहायचं." ते काय म्हणतील, तेही मला ठाऊक आहे. तीस वर्षे ज्यांनी गर्दीच्या गाडीत एकेकाला हाक मारून तिकीट विचारले, ते म्हणतील, "म्हणजे डॉक्टर, विचारल्याशिवाय कोणी तिकीट काढत नाही, तसंच हे!"

अगदी तसेच.